हा तर आमचाच

६ फेब्रुवारी

ताई,

पत्राच्या वर 'सप्रेम' लिहिलेलं नाही. तुझ्याकडून ते येत नाही आणि माझ्याकडून खोटं जात नाही.

कागदावर लिहिते आहे, कारण दुसरा मार्ग तू ठेवला नाहीस. फोन लागत नाही, मेसेज जात नाहीत. दाराच्या भिंगातून मला बघतेस आणि आत निघून जातेस. मागे फिरलेली पावलं बाहेर ऐकू येतात, हे तुला माहीत असावं म्हणून सांगते. पत्र दाराखालून सरकेल. फाडायचं तर वाचून फाड.

काम एकच आहे. सोबत संमतिपत्र जोडलं आहे. त्यावर तुझी आणि भाऊजींची सही हवी.

नोव्हेंबरात बाळाला मेंदूज्वर झाला तेव्हा त्याच्या पाठीच्या कण्यातून पाणी काढलं होतं. त्या पाण्यात जो जंतू सापडला तो हॉस्पिटलने वाढवून, गोठवून, एका करंगळीएवढ्या नळीत ठेवला आहे. अशा नळ्या ठिकठिकाणच्या हॉस्पिटलांतून आमच्या लॅबमध्ये येतात. लहान मुलांना जिवावरचं दुखणं देणाऱ्या जंतूंचा डीएनए पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचायचा आणि कोण कोणाचा नातेवाईक ते ठरवायचं, हे माझं काम. सोयरिकी जमवणाऱ्या बायकांसारखं, असं तूच एकदा म्हणाली होतीस. तेव्हा आपण हसत होतो.

नळीवर नाव नसतं, आकडा असतो. तो आकडा कोणत्या मुलाचा, हे आम्हाला कळू नये अशीच व्यवस्था आहे. आईवडिलांनी लेखी परवानगी दिली तरच बाळाची नळी बाळाची म्हणून वेगळी काढता येते. मग ती आमच्या लॅबमधल्या जंतूंशी ताडून बघता येईल. तुमच्या घरातल्या सगळ्यांच्या नाकातले नमुने त्या वेळी हॉस्पिटलच्या नर्सने घेतले होते, तेही तपासता येतील.

म्हणजे तू जे सांगत फिरते आहेस ते खरं की खोटं, ते ठरेल. तुझं वाक्य आईने मला जसंच्या तसं ऐकवलं: "लॅबमधून हातावर घेऊन आली आणि माझ्या बाळाला बहिरं करून गेली." आई निरोप पोहोचवताना शब्द गाळत नाही. तिचं वेगळंच चाललंय. माझ्याकडे आली की तुझी बाजू घेते, तुझ्याकडे गेली की माझी, आणि दोन्ही घरांतून रडत निघते.

सही कर. तुझी खात्री आहे ना? मग हात का थरथरावा?

तुझी बहीण
(रक्ताच्या नात्याला सही लागत नाही, नाहीतर हेही तू अडवून धरलं असतंस.)


१७ फेब्रुवारी

ताई,

संमतिपत्र मिळालं. दोन्ही सह्या आहेत. मागच्या कोऱ्या बाजूवर तू जे खरडलं आहेस तेही वाचलं: "लॅब तुझी, माणसं तुझी. मग निकाल काय माझ्या बाजूने येणार?"

शंका रास्त आहे. एवढं एकच वाक्य तू गेल्या तीन महिन्यांत विचार करून लिहिलंस.

उत्तर असं. आमच्या मोठ्या बाई, म्हणजे लॅबच्या प्रमुख, त्यांनी तुझा कागद बघितला आणि मला केबिनमध्ये बोलावलं. "या नळ्यांना तू हात लावायचा नाहीस. त्या खोलीतसुद्धा जायचं नाहीस. संगणकावर ती फाईल उघडायची नाहीस. कळलं?" मी कळलं म्हटलं. त्या म्हणाल्या, "आणि तोंड असं करून बसू नकोस, तुझ्याच भल्याचं आहे." मी कसलंही तोंड केलेलं नव्हतं. माझं तोंड असंच आहे.

काम कासवाकडे दिलं आहे. कासव म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरचा सहकारी. एक थेंब उचलायला तो इतका वेळ लावतो की आम्ही बाकीचे चहा पिऊन येतो. पण त्याने दिलेला निकाल पुन्हा करावा लागल्याचं मला आठवत नाही. त्याच्या हाती फक्त आकडे आहेत. त्यांतला कुठला तुझा, कुठला माझा, हे त्याला ठाऊक नाही. हो, माझ्याही नाकातला नमुना मी दिला आहे. माझ्यावर उपकार म्हणून नव्हे. त्याशिवाय हिशेब पुरा होत नाही.

आता त्या शब्दाबद्दल. हे एकदाच लिहीन.

अतिदक्षता विभागाबाहेरच्या त्या खुर्च्यांवर मी बसले होते. तू उभी होतीस. तुझ्या हातात काढलेल्या दुधाची बाटली होती आणि ती आत कोणाला द्यायची ते कोणी सांगत नव्हतं. तो तरुण डॉक्टर फोन कानाला लावूनच बाहेर आला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "टाइप कळला. चोवीस-एफ." मी म्हणाले, "अरे, हा तर आमचाच!"

तू बाटली खुर्चीवर ठेवलीस आणि माझ्याकडे वळलीस. "तुमचाच म्हणजे?"

त्यानंतर मी काय काय सांगितलं ते तू ऐकलं नाहीस, म्हणून परत सांगते. या जंतूचे शंभराच्या आसपास प्रकार आहेत. त्यांतल्या चोवीस-एफवर मी दोन वर्षं काम करते आहे. आम्ही सगळे असंच बोलतो. कासव सकाळी जंतू वाढवायच्या बशा उघडून म्हणतो, "आज माझी पोरं उगवलीच नाहीत." शिंपीसुद्धा गिऱ्हाइकाच्या कापडाला 'माझं कापड' म्हणतो, म्हणून काही ते अंगावर घालून फिरत नाही. 'आमचा' म्हणजे आम्हाला ओळखीचा. आमच्याकडून सुटलेला नव्हे.

प्रकार सारखा असणं म्हणजे आडनाव सारखं असणं. तुझ्या सासरच्या आडनावाची माणसं जगात हजारो असतील. ती सगळी तुझ्या घरी जेवायला येत नाहीत. 'तसाच' वेगळा आणि 'तोच' वेगळा. माझा पगार या दोन शब्दांतल्या फरकावर चालतो, आणि माझ्या सख्ख्या बहिणीला तो फरक ऐकूनही घ्यायचा नाही.

आजारपणाच्या आधी मी आले त्या दिवशी लॅबमधून सरळ आले, हे खरं. लॅबचा कोट लॅबमध्ये काढला होता. हात तिथे धुतले आणि तुझ्याकडे मोरीत पुन्हा धुतले. तू पिवळा टॉवेल पुढे केलास, मग "तो बाळाचा आहे, थांब" म्हणून दुसरा दिलास. हे तुलाही आठवत असणार. पण ते आठवलं तर रागवायला कोणी उरत नाही.

निकालाला वेळ लागेल. तोवर तू जे बोलायचं ते बोलत राहा. मी उत्तर देणार नाही.

बहीण


१४ मार्च

ताई,

निकाल आला. मोठ्या बाईंच्या सहीचा कागद तुम्हाला हॉस्पिटलमार्फत मिळेल. त्यातली भाषा तुला कंटाळवाणी वाटेल, म्हणून मी साध्या शब्दांत लिहिते.

या जंतूचा डीएनए सुमारे एकवीस लाख अक्षरांचा असतो. आमच्या लॅबमध्ये त्या वेळी जितके चोवीस-एफ होते, त्यांतल्या एकेकाशी बाळाचा जंतू अक्षर न् अक्षर लावून बघितला. त्यांतला सगळ्यांत जवळचा घेतला तरी हजारो ठिकाणी फरक आहे. इतके फरक पडायला या जंतूच्या चालीने कित्येक शतकं लागतील. म्हणजे बाळाचा जंतू आमच्या फ्रीजमधून, माझ्या हातावरून, माझ्या कपड्यांवरून किंवा माझ्या नखांतून आलेला नाही. नखांचा मुद्दा तू भाऊजींना सांगितला होतास, म्हणून लिहिला.

माझ्या नाकात हा जंतू सापडला नाही. या जातीचा कुठलाच सापडला नाही.

कासव कागद घेऊन माझ्या टेबलाशी आला तेव्हा त्याला माहीत नव्हतं तो काय देतो आहे. "हा एकशे सात नंबर कोण आहे कोण जाणे, पण त्याला सांग, तुझं नाक एकदम कोरं," म्हणाला. मी सांगते म्हटलं. मग प्रसाधनगृहात जाऊन तोंड धुतलं. एवढंच. यापेक्षा जास्त काही झालेलं नाही, आणि झालं असतं तरी तुला कळवलं नसतं.

पण आता निकाल आलाच आहे तर एक गोष्ट तुला ठाऊक असू दे. नोव्हेंबरपासून मी कोणाचंही मूल उचललेलं नाही. वरच्या मजल्यावरची बाई तिची मुलगी माझ्या हातात द्यायला लागली की मी हातात काहीतरी धरून ठेवते, पिशवी, किल्ल्या, काहीही. 'तसाच' आणि 'तोच' यांतला फरक मला तोंडपाठ होता. खात्री मात्र नव्हती. तुझं वाक्य माझ्या डोक्यात तुझ्याच आवाजात चालू असायचं. हे तू केलंस.

आता तू क्षमा मागशील असं मला वाटत नाही. मागू नकोस. ज्यांना ज्यांना सांगितलंस त्यांना बोलावून उलटं सांग, तेवढं पुरे. आईपासून सुरुवात कर.

तू पुढचा प्रश्न विचारशील, म्हणून आधीच लिहिते. तुमच्या घरातल्या चार माणसांच्या नमुन्यांपैकी एकात बाळाचा जंतू आहे. तसाच नव्हे, तोच. कोणाचा नमुना, ते मला माहीत आहे. सांगणार नाही.

बहीण


२७ मार्च

ताई,

माझ्या मागच्या पत्रातली शेवटची ओळ लिहायला नको होती, असं कासवाचं मत आहे. मत नोंदवून घेतलं आहे.

पण त्या ओळीवरून तू सासूबाईंना घराबाहेर काढशील, हे त्या ओळीत लिहिलेलं नव्हतं. म्हातारं माणूस खोकतं म्हणून तेच असणार, हा शोध तू लावलास. त्यांची कपबशी वेगळी केलीस, बाळाच्या खोलीला कडी लावलीस, आणि त्या आपण होऊन लेकीकडे निघाल्या तेव्हा रिक्षात त्यांची पिशवीही तूच ठेवलीस. मला तीन महिने दाराबाहेर उभं करून तुझं भागलं नाही. ती जागा रिकामी झाली म्हणून लगेच दुसरं माणूस शोधलंस.

हे मला भाऊजींनी सांगितलं. ते काल लॅबवर आले होते. तुला न सांगता आले होते, आता मी सांगते आहे.

खाली कँटीनमध्ये बसलो. कासव माझ्यासोबत जेवत होता, तो उठायला लागला तर भाऊजी म्हणाले, "बसा हो, चोरून काही नाही." कामावरून सरळ आले होते. लिफ्ट दुरुस्तीचा तो करडा पोशाख, कोपरापर्यंत ग्रीस. समोरचा चहा तसाच ठेवला.

"मीच असणार," ते म्हणाले. "मला तेव्हा आठवडाभर सर्दी होती. बाळ माझ्या छातीवर झोपायचं."

"भाऊजी, मला सांगता येत नाही."

"सांगू नकोस. नुसती मान हलव."

कासव भाताकडे बघतच म्हणाला, "मान हलवली तरी तो निकालच झाला, साहेब."

"मग असं कर," भाऊजी म्हणाले. "माझं नाव लिहून दे. एका कागदावर. आई परत येईल, हिचं डोकं शांत होईल. मला कोण काय बोलणार? दिवसभर मी लिफ्टच्या खड्ड्यात असतो, तिथे माणूस येत नाही बोलायला."

मी म्हणाले, "खोटं लिहून देत नाही मी."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. "तुम्ही दोघी सख्ख्या बहिणी शोभता. एकीला माणूस लागतो, दुसरीला आकडा. मध्ये आम्ही."

मग त्यांनी खिशातून फोन काढून बाळाचं चित्र दाखवलं. कानामागे ते नवं यंत्र, आणि ते ओढून काढायचा चाललेला प्रयत्न. "ढोल वाजवला तर बघतो," म्हणाले. "म्हणजे काहीतरी आत जातंय." मी चित्र बघितलं. तू मला ते दाखवलं नव्हतंस.

आता नीट वाच.

सासूबाईंना परत बोलाव. त्यांच्या नाकात तो जंतू नव्हता. हे मी लिहून देते आहे, आणि त्यांना हे पत्र दाखवायलाही माझी हरकत नाही.

याच्या पुढे कोणाबद्दल विचारू नकोस. भाऊजी का, तू का, मी हो किंवा नाही काहीच म्हणणार नाही. एकेकाला सोडवत गेलं की शेवटी जे उरतं ते आपोआप उघडं पडतं. ते मी करणार नाही. तुला मी आवडत नाही, माझं तोंड आवडत नाही, माझं बोलणं आवडत नाही, ठीक आहे. पण मी आजवर तुला कधी चुकीचं काही सांगितलेलं नाही. त्या जोरावर सांगते, विचारू नकोस.

आणि तू विचारणार, हेही मला माहीत आहे.

बहीण


९ एप्रिल

ताई,

हे पत्र दाराखालून सरकवलेलं नाही. भाऊजींच्या हातात दिलं आहे, तुझ्याच हातात द्यायला सांगितलं आहे. वाचलंस की जाळ. हे मागच्यासारखं बोलण्यापुरतं म्हणत नाही. तुझी भिंगरी चारच वर्षांची असली तरी आता अक्षरं लावून वाचते.

शनिवारी तू आलीस. तीन मजले चढून, भिंगरीला हाताला धरून. बरं वाटावं म्हणून आली नव्हतीस. मी दार उघडलं तेव्हा तुझ्या तोंडातून पहिला शब्द आला तो "सांग."

मी आत ये म्हटलं. तू नको म्हणालीस. मग तिथेच, जिन्यात. वरची बाई दार किलकिलं करून ऐकत होती, तिलाही तू "काय बघता?" म्हणून सुनावलंस. "मी आई आहे त्याची," तू म्हणालीस. "माझ्या बाळाच्या अंगातलं तुला माहीत आणि मला नाही? सासूबाई नाहीत, तर मग आम्ही दोघं उरलो. मी का? माझ्या दुधातून का? सांग ना, शहाणे! सगळं माहीत असतं ना तुला?"

आम्ही दोघं उरलो, असं म्हणालीस. चारांतून एक गेलं तर तीन उरतात. तू लहानपणापासून गणितात माझ्या पुढे होतीस. तिसरं माणूस तेव्हा तुझ्या मागे पायरीवर बसून कठड्याच्या गजांतून पाय खाली सोडत होतं. तुला ते मोजावंसंही वाटलं नाही, आणि मला सुटल्यासारखं झालं.

मी म्हणाले, "घरी जा."

"सांगितल्याशिवाय हलणार नाही."

तेव्हा भिंगरी म्हणाली, "मावशी, बाळाच्या कानात जंतू तू घातलेस?"

ती आपल्याकडे बघतही नव्हती. गजाला चप्पल अडकली होती, ती सोडवत होती. घरात इतके महिने मोठी माणसं जे बोलत होती ते तिने ऐकलं होतं आणि आता सरळ विचारत होती. तुम्ही कोणी तिच्यासमोर बोलताना आवाज खाली घेतला नाहीत.

माझ्याकडे कागद होता. मोठ्या बाईंची सही, कासवाचं काम, हजारो अक्षरांचे फरक. मी नाही, हे सिद्ध करायला मी तुझ्या दारात उभी राहिले होते. आणि मी म्हणाले, "हो."

"मुद्दाम?"

"नाही गं. माझ्या नाकात होते. मला माहीतच नव्हतं. दुखत नाही, खुपत नाही, कळतच नाही. जवळ गेले, त्याचा पापा घेतला, किंवा शिंकले असेन. गेले तिकडे."

"मग आई तुला ओरडली?"

"खूप."

ती विचार करत होती. मग म्हणाली, "मग आता बास."

तू माझ्याकडे बघत होतीस. खात्रीने सांगते, त्या क्षणी तुला कळलं. जी बाई स्वतःचं नाव सोडवायला एवढे कागद नाचवते, भाऊजींच्या विनवणीलाही खोटं लिहून देत नाही, ती एका चार वर्षांच्या पोरीला 'हो' का म्हणेल, हे तुला एका क्षणात कळलं. तू तिची चप्पल सोडवलीस, पायात घातलीस आणि तिला कडेवर घेऊन उतरलीस. ती चालू शकत होती. तू काही विचारलं नाहीस. पहिल्यांदाच.

तू विचारलं नाहीस म्हणून आता सांगते. अर्धवट कळलेलं घरात ठेवू नये. मागच्या वेळी मी अर्धवट सांगितलं आणि त्याची किंमत सासूबाईंनी भरली.

नळ्यांवर नाव नसतं, पण वयोगट असतो, आणि तो कासवाच्या यादीतही उतरतो. तुमच्या घरच्या नळ्यांपैकी एकीवर 'पाच वर्षांखालील' लिहिलेलं होतं. तिच्यातल्या आणि बाळाच्या जंतूत एकवीस लाखांपैकी दोन अक्षरांचा फरक आहे. हे जवळजवळ काहीच नाही.

पण याचा अर्थ तू लावशील तो नाही. तिच्याकडून बाळाकडे गेला की बाळाकडून तिच्याकडे आला, की दोघांना तिसऱ्याच कोणाकडून मिळाला, हे त्या दोन अक्षरांवरून ठरत नाही. मोठ्या बाईंना विचारलं, त्याही म्हणाल्या, ठरत नाही. तिच्या बालवाडीतल्या मुलांची नाकं तपासली तर कितीतरी मुलांत हा किंवा याचा भाऊबंद सापडेल, आणि ती सगळी मजेत उड्या मारत असतील. तो मुलांच्या नाकात राहतो. तेच त्याचं घर आहे. एखाद्या बाळात तो नाकातून रक्तात आणि रक्तातून मेंदूपर्यंत का जातो, ते मला माहीत नाही. ते माहीत नाही म्हणूनच आमची लॅब आहे.

तू पहिल्या दिवसापासून विचारते आहेस, 'कोणी आणला?' ते क्रियापदच चूक आहे. आणायचं म्हणजे माहीत असावं लागतं, हातात धरावं लागतं. कोणीही काही आणलेलं नाही. पण हे तुला माझ्याबाबतीत पटलं नव्हतं. आता पटेल, कारण आता पटवून घेणं तुला भाग आहे. हा अन्याय आहे आणि मी तो विसरणार नाही.

मी तुला माफ केलेलं नाही. हे ठळक अक्षरात वाच, कारण खाली जे लिहिते आहे त्यावरून तुझा गैरसमज होईल.

सासूबाईंना आणायला तू स्वतः जा. कारण सांगू नकोस. नुसतं "माझं चुकलं" म्हण. भाऊजींना सांगायचं की नाही ते तू ठरव. मला विचारशील तर सांग. त्या माणसाला स्वतःवर घ्यायची घाई झाली आहे, त्याला थांबवायला हवं. आईला सांगू नकोस. ती शब्द गाळत नाही.

भिंगरी पुन्हा विचारेल. बालवाडीत सांगेल, आजीला सांगेल. प्रत्येकाने म्हणायचं, मावशीकडून गेला, तिला ठाऊक नव्हतं. मी घरीदारी हेच म्हणणार आहे. बाहेरच्या कोणाला उलटं सांगायची आता गरज नाही. ती मागणी मी मागे घेते.

पण ती कायम चार वर्षांची राहणार नाही. कधीतरी मोठी होईल, हुशार आहे, आपल्यावर गेली आहे, शोधून काढेल. किंवा आपणच सांगू. त्या दिवशी तिला एकच गोष्ट आठवेल. ज्या माणसाकडून बाळाला तो जंतू गेला असं घरात मानलं जात होतं, त्या माणसाशी तिची आई कशी वागत होती.

भिंगातून बघून मागे फिरलेली आई तिला आठवायला नको.

म्हणून मी रविवारी येते आहे. मला तुझं प्रेम नको, चहाही नको. तू दार उघड. भिंगरी समोर असताना उघड. मला आत घे, बाळाला माझ्या हातात दे, आणि मी त्याला घेतलं की ओरडू नकोस. तिला बघू दे.

बहीण